फोटो खरा, खालचं नाव चुकलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पश्चिम घाटात सापडलं चालतं पान’ अशा मथळ्याची, पर्णकीटक या पानासारख्या दिसणाऱ्या किड्याच्या नव्या जातीची बातमी आली आहे. शेजारी चार रकान्यांचा रंगीत फोटो आहे. फोटो फार देखणा आहे, मी तो भिंगाखाली धरून दोनदा पाहिला. मजकूर पर्णकीटकाचा आहे आणि फोटो नाकतोड्याचा. एवढंच कळवायला पत्र लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता लांबलं. कापाकापी करायची तर खुशाल करा, फक्त मधला माझ्या फजितीचा भाग ठेवा. नाहीतर मी तुम्हाला झापायला बसले आहे असं वाटेल.

मी कीटकशास्त्र शिकलेली नाही. बत्तीस वर्षं कोल्हापुरातल्या शाळांत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला पोरं बसवली. डहाळी समोर ठेवून काढायची म्हटलं की पोरं डहाळीकडे न बघता मनातलं पान काढायची, बदामाच्या आकाराचं, मधे एक रेघ आणि दोन्ही बाजूंना कंगव्यासारख्या शिरा. ‘दिसतंय ते काढ, माहीत आहे ते काढू नकोस’ असं ओरडण्यात माझा गळा गेला. तुमच्या फोटोकडे मी त्याच सवयीने पाहिलं.

फोटोतल्या प्राण्याच्या मिशा बघा. दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगाच्या लांबीहून मोठ्या. डाव्या मिशीचं टोक तर चौकटीत मावलं नाही म्हणून तुमच्या मांडणी करणाऱ्याने कापलं आहे. मग मागचे पाय बघा. मांडी जाड, गुडघा पाठीच्याही वर आलेला, घडी घातलेल्या छत्रीच्या काडीसारखा. असा पाय उडी मारायला असतो. आणि पंख पाठीवर कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते मिटलेले आहेत. हिरवा रंग, पानाच्या शिरा, कडेला किडक्या पानासारखा तपकिरी डाग, हे सगळं आहेच. पण पानाचं सोंग घेणारे किडे पुष्कळ आहेत. नाकतोड्यांच्या एका मोठ्या गोतावळ्याने ते सोंग आपल्या परीने घेतलं, पर्णकीटकाने आपल्या परीने. दोघांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. पर्णकीटक हा काडीकिड्यांचा भाऊबंद.

खऱ्या पर्णकीटकाच्या मादीचं अंग चपटं असतं, वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखं. पोट रुंद पसरलेलं, आणि पायांच्या मांड्या-पोटऱ्यांनासुद्धा पानाच्या पाकळ्या फुटलेल्या. मिशा इतक्या आखूड की शोधाव्या लागतात. पुढचे दोन पंख पाठीवर सपाट मिटले की त्यांची मधली कड एकमेकींना लागते आणि तीच पानाची मधली शीर होऊन जाते. तिच्यातून दोन्हीकडे बाजूच्या शिरा निघतात. चित्रकार म्हणून सांगते, ही युक्ती मला सुचली नसती. दोन वेगळे तुकडे जोडून एक पान करायचं आणि जोड दिसू नये म्हणून जोडालाच शीर करायचं! अशा मादीला उडता येत नाही. चालते तीही सरळ नाही, एक पाऊल पुढे टाकून जागच्या जागी डुलते, वाऱ्याने फांदी हलावी तशी. दिवसा गप्प, रात्री खाणं.

आता माझी फजिती.

१९९६ सालचा श्रावण. माझे माहेरचे लोक राधानगरीच्या पुढे, दाजीपूरच्या वाटेवर राहतात. माझा भाचा तेव्हा सहावीत होता. सुट्टीला आला तो एस.टी.तून उतरल्या उतरल्या हातातला पेढ्यांचा बॉक्स पुढे करून, ‘आत्ती, बघ काय गावलंय! पान चालाय लागलंय!’ बॉक्सच्या झाकणाला कंपासातल्या करकटकाने भोकं पाडली होती. आत पेरूची चार पानं आणि त्यातलं एक पान आमच्याकडे बघत होतं.

मी खुळावलेच. स्वयंपाक सासूबाईंवर टाकला आणि कार्ट्रिज कागद ताणून बसले. चार संध्याकाळी तो प्राणी मी काढत होते. पावसाने लाईट जायची, मग मेणबत्ती. हिरवा रंग बाटलीतला वापरला नाही. लेमन यलोत प्रशियन ब्लू, आणि तो हिरवा फार बोंबलू नये म्हणून त्यात टोकावर मावेल एवढा क्रिमझन. पंखावरच्या शिरा तीन नंबरच्या ब्रशने एकेक मोजून काढल्या. मागचा पाय तीनदा खोडला, कारण त्या गुडघ्याचा कोन काही केल्या साधेना. शेवटी साधला. मिशा काढायला कागद पुरेना म्हणून एक मिशी वळवून वर घेतली. मग खाली वेलबुट्टीच्या अक्षरांत, शाईने, झोकात लिहिलं: ‘पर्णकीटक’. हा शब्द मी वाचनालयात एका जाडजूड खंडात वाचला होता आणि तो वापरायची संधी शोधतच होते म्हणा ना.

चौथ्या रात्री बॉक्सचं झाकण अर्धं उघडं राहिलं. आतून ‘चिर्र, चिर्र’ आवाज आला आणि आमचं पान थेट ट्यूबलाईटच्या पट्टीवर. सासूबाई ‘पाल! पाल!’ करत पलंगावर चढल्या. भाच्याने टॉवेल टाकून त्याला धरलं आणि सकाळी आम्ही परसातल्या पेरूवर सोडून दिलं. आता तुम्हीच सांगा, जी वस्तू एका उडीत पलंगापासून ट्यूबलाईटपर्यंत जाते, पंखावर पंख घासून आवाज करते, तिला मी चालतं पान कसं म्हणत राहिले? पण म्हणत राहिले. चित्राला फ्रेम केली आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेत लागलं, बेडकाच्या बाटलीशेजारी. अकरा वर्षं लागलेलं होतं. किती वर्ग त्याच्यासमोरून गेले असतील! एकाही पोराने विचारलं नाही, विज्ञानाच्या सरांनीही नाही.

अकराव्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या बाई आल्या. चित्रापुढे थांबल्या. मला वाटलं आता कौतुक. त्यांनी कौतुक केलंही, आणि मग हळूच म्हणाल्या, ‘पाय तुम्ही इतके नीट काढलेत बाई, मग नाव का चुकवलंत? हा नाकतोडा आहे.’

पोरांना जे आयुष्यभर सांगितलं ते मी हाताने पाळलं होतं. दिसलं तेच काढलं होतं. खाली लिहिताना मात्र माहीत होतं ते लिहिलं. त्या दिवशी फ्रेम काखेत मारून पापाच्या तिकटीपर्यंत चालत आले, रिक्षा करायचंही सुचलं नाही.

संपादक महाराज, तुमच्या बातमीत ज्या नव्या जातीचा उल्लेख आहे तिची गोष्ट नेमकी हीच आहे, आणि बातमीत नेमकी तीच राहून गेली. ‘सापडली’ असं तुम्ही मथळ्यात म्हणता. सापडली नाही, सापडलेलीच होती. आपल्या देशाच्या नैऋत्य भागातले पर्णकीटक संग्राहकांना आधीपासून माहीत होते, टाचणीला टोचून पेट्यांत ठेवलेलेही होते. फक्त त्यांच्या खालची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची होती. आग्नेय आशियात दूरवर पसरलेला एक पर्णकीटक आहे, पल्क्रिफिलियम बायोक्युलेटम. बायोक्युलेटम म्हणजे दोन डोळ्यांचा, पोटावरच्या दोन ठिपक्यांवरून पडलेलं नाव. आपल्याकडचे कीटक हे त्याचेच, असं धरून चालत होते. २०२१ साली पर्णकीटकांच्या डीएनएवरून त्यांची वंशावळ मांडली गेली आणि तेव्हा लक्षात आलं की एकाच नावाखाली कोंबलेले पुष्कळ जण मुळात एका घरचे नाहीतच. मग २०२३ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर सात नव्या जातींचं वर्णन ‘झूकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. फिलिपिन्स, जावा, व्हिएतनाम अशा ठिकाणच्या जाती त्यात आहेत आणि एक आपली आहे, पल्क्रिफिलियम अनंगू. पल्क्रिफिलियम म्हणजे सुंदर पान. नाव ठेवणाऱ्याला माझ्याकडून दहापैकी दहा.

आमच्या भाच्याच्या भाषेत सांगायचं तर ‘गावणं’ वेगळं आणि ‘वळखणं’ वेगळं. गावायला डोळे पुरतात. ओळख पटवायला बाजूला दुसरा ठेवून ताडून बघावं लागतं. पंखाची शीर कुठून फुटते, पोटाचा घेर कुठे सर्वांत रुंद, पायाच्या पाकळीला दाते किती, असं एकेक. या लोकांचं अंडंसुद्धा बघतात. पर्णकीटकाचं अंडं झाडाच्या बीसारखं दिसतं आणि जातीजातीप्रमाणे त्याचा आकार, त्यावरची नक्षी बदलते. मग हे सगळं शब्दांत आणि चित्रांत लिहून काढायचं, आणि एक नमुना मुख्य म्हणून ठरवून संग्रहालयात जपून ठेवायचा. शेतमोजणीत हद्दीचा दगड रोवतात ना, तसा तो नमुना. उद्या कुणी वाद घातला तर दगडापासून मोजायला सुरुवात. मग ती जात जगाच्या दप्तरी लागते. नावं देण्याची ही रीत लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञापासूनची. त्याने १७५८ मध्ये पहिल्या पर्णकीटकाला नाव दिलं ते टोळाच्या गटात घालून, आणि त्या नावाचा अर्थ होतो वाळलेलं पान. म्हणजे पर्णकीटकाला नाकतोड्याच्या पंक्तीला बसवण्याची चूक आपल्या दोघांच्याही आधी थोरामोठ्यांनी केलेली आहे. एवढाच आपल्याला दिलासा.

जाता जाता एक कुरकुर. तुम्ही ‘नवी प्रजाती’ लिहिता. मराठी विश्वकोशात प्रजाती हा शब्द वरच्या गटाला आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात पल्क्रिफिलियम. त्यातल्या अनंगूला जाती म्हणायचं. सगळीच वर्तमानपत्रं प्रजाती म्हणतात, आता ते रुळलंय, मला माहीत आहे. पण मी मास्तरीण आहे, लाल शाई हातात आली की राहवत नाही.

ओळख पटवणं किती अवघड, याचा एक किस्सा सांगते, मला तो फार आवडतो. या कीटकांत नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की नवरा-बायको म्हणून कुणी ओळखू नये. नर सडपातळ, मिशा लांब, मागचे पंख पारदर्शक आणि तो उडतो. मादी रुंद, जड, जागेवर बसलेली. न्यू गिनीच्या बाजूचे नॅनोफिलियम नावाचे पर्णकीटक १९०६ पासून दप्तरी होते, पण सगळे नर. आणि दुसऱ्या एका नावाखाली त्याच भागातल्या काही जाती होत्या, त्या सगळ्या माद्या. शंभरावर वर्षं नवरे एका यादीत, बायका दुसऱ्या यादीत. मग कॅनडात माँट्रियलच्या कीटकसंग्रहालयात पापुआ न्यू गिनीतल्या एका मादीची अंडी उबवली. पिल्लं मोठी झाली, आणि त्यातले नर निघाले ते हुबेहूब नॅनोफिलियम. २०२० मध्ये ते छापून आलं आणि दोन्ही याद्या एक झाल्या. आमच्या पेठेतल्या मतदार यादीत अजून माझं नाव एका बूथवर आणि यांचं दुसऱ्या, त्यामुळे मला त्या माद्यांबद्दल विशेष आपुलकी आहे.

पिल्लांवरून आठवलं. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पिल्लू हिरवं नसतंच. तांबूस-काळपट असतं आणि मुंगीसारखं तुरुतुरु पळतं. पानं खाऊ लागलं की हळूहळू हिरवं होतं. आधी मुंगीचं सोंग, मग पानाचं. हे वाचलं त्या दिवशी मी पुन्हा रंग काढून बसले होते. तो तांबूस ते हिरवा मधला रंग कसा करायचा? हिरव्यात तांबडा घातला की चिखल होतो, हे कुठल्याही सहावीतल्या पोराला माहीत आहे. निसर्गाला तो चिखल न करता कसा जमतो ते बघायची फार इच्छा आहे.

हे सोंग जुनंही किती! जर्मनीत मेसल म्हणून जागा आहे, तिथे सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात एका पर्णकीटकाचा ठसा मिळाला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तेव्हाही अंग पानासारखंच. आज त्या देशात रानात पर्णकीटक नाही. आणि १५२१ साली मॅगेलनच्या जहाजांवरचा पिगाफेटा नावाचा इटालियन माणूस बोर्निओजवळच्या एका बेटावर उतरला, तर तिथल्या झाडाची गळलेली पानं चालताना त्याला दिसली. त्याने एक पान नऊ दिवस खोक्यात ठेवलं. उघडलं की ते आत गोल गोल फिरायचं. हे हवेवर जगत असावं, असं त्याने लिहून ठेवलं. नऊ दिवस उपाशी ठेवलं बिचाऱ्याला! आमच्या पेढ्याच्या बॉक्सात निदान पेरूची पानं तरी होती.

बातमीत दुसरं जे राहिलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाव बदललं तर फरक काय पडतो, किडा तोच ना? असं आमच्या कट्ट्यावर विचारलंच एका गृहस्थांनी, रंकाळ्यावर, भेळ खात. मी त्यांना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं, कारण जमिनीच्या भाषेत कोल्हापूरकराला लगेच कळतं. हे आपले कीटक इतकी वर्षं परक्याच्या सातबाऱ्यावर होते. मूळ मालकाची जमीन जावा-मलायापर्यंत पसरलेली. इकडचा एक तुकडा वाहून गेला तरी मालकाचं काय बिघडतं? बाकी रान आहेच. पण आता कळलं की हा तुकडा म्हणजे वेगळं खातं आहे आणि या खातेदाराला दुसरीकडे गुंठाभरही नाही. इथून गेला की गेलाच. काम करणाऱ्या संशोधकांनीही हेच सांगितलंय, की भारतातले हे कीटक संपले तर एका जातीचा एक गट कमी होत नाही, अख्खी जात संपते. तुमच्या बातमीत ‘निसर्गाचा चमत्कार’ हे शब्द तीनदा आले, हे एकदाही आलं नाही. साऱ्या जगात पर्णकीटकांच्या शंभरापेक्षा थोड्याच जास्त जाती दप्तरी आहेत. काडीकिडे आणि पर्णकीटक मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. त्यातली एक आपल्या वाट्याला आली आहे.

आणि असं काही आपल्याला नवं आहे का? २०२३ सालीच विशाळगडावर कंदीलपुष्पाची नवी जात नोंदली गेली, शिवाजी विद्यापीठ आणि न्यू कॉलेजच्या अभ्यासकांनी तिला शिवाजी महाराजांचं नाव दिलं. गडावर माणसांची काय कमी वर्दळ आहे? फूल कित्येकांच्या डोळ्यांना दिसलं असणार. त्याच्यापुढे गुडघे टेकून, दुसऱ्या कंदीलपुष्पाशी ताडून, हे त्यातलं नाही असं म्हणणारा कुणी यावा लागला. आपल्या जिल्ह्याच्या नावाची तर पालसुद्धा आहे, निमास्पिस कोल्हापूरेन्सिस, २००९ सालची. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पालीला कोल्हापूरचंच नाव बरं मिळालं.

आता विनंती. दुरुस्ती छापाल तेव्हा ती चौथ्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींची नको, फोटो पुन्हा छापा आणि खाली ‘नाकतोडा’ लिहा. फोटो काढणाऱ्याने उत्तम काढलाय, त्याची काही चूक नाही. नाकतोडाही कमी नाही हो, त्याचंही पानाचं सोंग अव्वल आहे. त्याला त्याच्या नावाने मान द्या. शक्य झालं तर शेजारी खऱ्या पर्णकीटकाचं चित्र ठेवा, म्हणजे मिशा आणि मागचा पाय पोरांना स्वतः ताडून बघता येईल. शाळाशाळांत तुमची पुरवणी फलकावर लागते, हे मी विसरलेले नाही. माझं चित्र अकरा वर्षं लागलेलं होतं, तुमची कात्रणंही तशीच वर्षानुवर्षं राहतात.

आणि एक गोष्ट छापू नका, जागा. तुमच्या बातमीत अमुक घाटातल्या अमुक वळणावर, अमुक मंदिराच्या मागे, इथपर्यंत पत्ता दिला आहे. गेल्या पावसाळ्यात माहेरी गेले होते तेव्हा दाजीपूरच्या रस्त्याला दोन पोरं गाडी लावून काठीने झुडपं झोडपताना बघितली. काय शोधताय म्हटलं, तर मोबाईलमधला एक किडा दाखवला. रिकामी काचेची बरणी गाडीच्या हँडलला लटकवलेली. त्यांत माझा भाचा नव्हता, एवढंच, पण १९९६ साली मीच त्याला शाबासकी दिली होती. तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. राधानगरी हे १९५८ पासूनचं अभयारण्य, तेव्हा दाजीपूरच्या नावाने गव्यांसाठी राखलेलं. आज ते ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून युनेस्कोच्या वारसायादीतल्या पश्चिम घाटाच्या ठिकाणांत आहे. आतून परवानगीशिवाय गवाच काय, किडाही उचलता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तसं सांगतो. गव्याला कुणी बरणीत घालणार नाही. या बिचाऱ्यांना मात्र घालतात, शिवाय पर्णकीटक परदेशात हौसेने पाळतात, विकतात, हेही ध्यानात असू द्या. ‘जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं रान’ एवढं लिहिलं तरी वाचकाचं काही अडत नाही.

सोबत माझ्या त्या चित्राची रंगीत झेरॉक्स जोडली आहे, नाकतोड्याचा मागचा पाय कसा असतो ते दाखवायला उपयोगी पडेल. मूळ चित्र मागवू नका. ते भाचा घेऊन गेला, त्याच्या हॉलमध्ये टी.व्ही.च्या वर लावलंय. न्यायच्या आधी मी ‘पर्णकीटक’वर एक आडवी रेघ मारून खाली ‘नाकतोडा’ लिहून दिलं. हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे वेलबुट्टीची अक्षरं दुसऱ्यांदा तितकी जमली नाहीत. झेरॉक्समध्ये दिसेलच.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. नाव छापू नये. माजी विद्यार्थी फार आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत मी ‘नीट बघ’ असा लाल शेरा मारलेला आहे.